नाशिकमधलं एक गृहसंकुल: ७५ गुणांचे ६८ कसे झाले

पाथर्डी फाट्याच्या बाजूला ४,००० चौरस मीटरचा भूखंड. त्यावर ए आणि बी अशा दोन विंग. तळाला पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार सदनिका. दोन्ही मिळून ५६. ए विंगला अंशतः भोगवटा (राहायला यायची परवानगी) मिळालेला आणि तिथल्या २८ पैकी २४ घरांत कुटुंबं राहायला आलेली. बी विंगचं प्लास्टर उरकलेलं, खिडक्या बसायच्या बाकी. बांधकाम परवानगीच्या वेळी प्रकल्पाने ग्रिहा या हरित इमारत मानांकनाच्या चार ताऱ्यांचा शब्द दिला होता. सल्लागाराने केलेल्या स्वमूल्यांकनात ७५ गुण होते. तिसऱ्या स्थळपाहणीनंतर ते ६८ भरले आणि एक तारा गेला.

इमारतीचं नाव इथे दिलेलं नाही. गणित वाचता वाचता तपासता यावं म्हणून मोजमापंही गोल केली आहेत.

हे सात गुण कुठलं महागडं यंत्र बंद पडल्यामुळे गेले नाहीत. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, म्हणजे एसटीपी होता, सौर पॅनेल होते, ब्लॉकच्या भिंती होत्या, दुहेरी नळजोडणी होती. घोळ झाला तो आधाराच्या आकड्यात. ‘इतकं वाचवलं’ असं अहवालात ठिकठिकाणी लिहिलेलं होतं, पण ‘कशाच्या तुलनेत’ याचं उत्तर पानागणिक बदलत होतं. मूल्यांकन करणारा माणूस सगळ्यात आधी तेच उत्तर शोधतो.

एका ताऱ्याची किंमत

ग्रिहा ही पद्धत टेरी या ऊर्जा-पर्यावरणावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेने केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर तयार केली. २००७ मध्ये ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली. २०१९ च्या आवृत्तीत १०० गुण आहेत आणि नावीन्यासाठी वरचे ५. ऊर्जेला १८ गुण, पाण्याला १६, जागेच्या नियोजनाला १२, रहिवाशांच्या सुखसोयीला १२, साहित्याला १२. बाकीचे कचरा, बांधकाम व्यवस्थापन, मोजणी वगैरेंत विभागलेले. ५६ ते ७० गुणांना तीन तारे, ७१ ते ८५ ला चार, ८६ च्या पुढे पाच. म्हणजे ६८ आणि ७१ यांत फक्त तीन गुणांचं अंतर आहे, पण ते तीन गुण पैशात मोजावे लागतात.

कारण राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. हरित मानांकनाला ती मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) जादा एफएसआय देते: ग्रिहा तीन तारे किंवा आयजीबीसी या दुसऱ्या हरित मानांकनाच्या सिल्व्हरला ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७. नाशिकमध्ये मूळ एफएसआय १.१. या भूखंडावर तो ४,४०० चौरस मीटर होतो. त्याचे ५ टक्के म्हणजे २२०, ३ टक्के म्हणजे १३२. एक तारा घसरला की ८८ चौरस मीटर बांधकाम हक्काविना उभं राहतं. कबूल केलेला दर्जा अंतिम भोगवट्याच्या वेळी मिळाला नाही, तर त्या क्षेत्रावर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या दुप्पट दंड बसतो. दर समजा चौरस मीटरला १५,००० रुपये धरला, तर ८८ × १५,००० × २ म्हणजे २६ लाख ४० हजार. तोवर ते क्षेत्र विकूनही झालेलं असतं.

म्हणून हे मूल्यांकन बिल्डरला वाटतं तसं प्रवेशद्वारावर लावायच्या पाटीपुरतं राहत नाही. नोंदणी, कागदपत्रं, कामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या स्थळपाहण्या, मग तात्पुरतं मानांकन आणि वापर सुरू झाल्यावरच्या मोजणीनंतर अंतिम, असा तो क्रम आहे. आराखड्यावर दिलेला गुण जागेवर पुन्हा तपासला जातो.

पाणी: एकच लिटर दोनदा वाचलेलं

सल्लागाराचा पाण्याचा तक्ता दिसायला नीटनेटका होता. ५६ घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे २८० माणसं. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या हिशोबाने ३७,८०० लिटर. त्यात ४५ लिटर फ्लशचे, ९० बाकीचे.

तक्त्याच्या पहिल्या पानावर कमी पाण्याच्या उपकरणांची बचत होती. ४ आणि २ लिटरची दुहेरी बटणांची टाकी. दिवसाला एक पूर्ण फ्लश, चार अर्धे. ४ + ८ = १२ लिटर. ४५ वरून १२ वर, म्हणजे माणशी ३३ लिटर वाचले. २८० माणसांचे ९,२४० लिटर.

तीन पानांनंतर पुनर्वापराचा तक्ता. तिथे लिहिलेलं: फ्लशची गरज २८० × ४५ = १२,६०० लिटर, बागेची १,२००, एकूण १३,८००; हे सगळं एसटीपीच्या पाण्यातून भागणार, म्हणजे ३७,८०० च्या ३६.५ टक्के ताज्या पाण्याची बचत.

चूक समोरच आहे. पहिल्या पानावर फ्लश १२ लिटरवर आणला, तर पुनर्वापराच्या पानावर तो पुन्हा ४५ चा कसा होईल? जे पाणी वापरलंच जाणार नाही, त्याच्या जागी शुद्ध केलेलं पाणी देता येत नाही. दोन्ही पानांवर एकच आकडा धरला की चित्र बदलतं. फ्लशची गरज २८० × १२ = ३,३६०, बाग १,२००, बेरीज ४,५६०. एकूण गरजही ३७,८०० वरून २८,५६० वर येते. पुनर्वापराचा वाटा ३६.५ नव्हे, १६ टक्के.

यातून आणखी एक अडचण निघते आणि ती फार थोडे अहवाल मान्य करतात. दुहेरी बटणाची टाकी आणि मोठा एसटीपी एकमेकांच्या विरोधात काम करतात. १३५ लिटरच्या हिशोबाने सांडपाणी दिवसाला ३२ घनमीटर धरलं होतं आणि एसटीपी ३५ घनमीटरचा बसवला होता. फ्लश आणि बागेला लागतात साडेचार-पाच. उरलेलं सगळं जाणार कुठे? गटारात. ‘शून्य विसर्ग’ हे शब्द अहवालात होते. ते खोडावे लागले.

आता जागेवरची गोष्ट. ए विंगच्या गच्चीवर दोन टाक्या: पिण्या-वापरायची एक, फ्लशची दुसरी. फ्लशच्या टाकीला दोन नळ येतात. एक एसटीपीच्या पंपाकडून, टाकीतल्या पातळीच्या सेन्सरवर चालणारा. दुसरा महापालिकेच्या पाण्याचा, बॉल कॉक (तरंगत्या गोळ्यावर उघड-बंद होणारा नळ) लावलेला. एसटीपी बंद असेल त्या दिवसासाठीची सोय. प्लंबरने बॉल कॉक टाकीच्या काठापासून १५ सेंटीमीटर खाली बसवला होता. एसटीपीच्या पंपाला ‘चालू हो’ सांगणारा सेन्सर होता काठापासून ५० सेंटीमीटरवर. पाणी दोन बोटं खाली गेलं की बॉल कॉक उघडायचा आणि गोडं पाणी टाकी भरून टाकायचं. पातळी ५० सेंटीमीटरपर्यंत कधी उतरतच नसे. त्यामुळे एसटीपीच्या पंपाला बोलावणंच जात नव्हतं.

रहिवाशांची तक्रार अर्थातच नव्हती. फ्लशचं पाणी स्वच्छ, वासाचं नावही नाही. घोळ पकडला तो मीटरने. २४ घरांत सरासरी ४ माणसं धरून ९६ माणसं. ९६ × १२ लिटर × ३० दिवस म्हणजे सुमारे ३४.६ घनमीटर. बाग ३०० चौरस मीटर, चौरस मीटरला रोज ४ लिटर, महिन्याचे ३६. एसटीपीच्या बाहेर जाणाऱ्या मीटरवर ३० दिवसांत ७० घनमीटरच्या आसपास फिरायला हवे होते. फिरले ९, आणि तेही माळ्याने एसटीपीच्या नळाला पाइप जोडला त्या दिवसांचे.

महापालिकेच्या त्या नळाचं तोंड टाकीत बुडालेलंही होतं. ही निव्वळ गुणांची बाब नाही. दाब उलटला तर फ्लशचं पाणी पिण्याच्या वाहिनीत ओढलं जाऊ शकतं. नळाचं तोंड आणि टाकीची भरून वाहण्याची पातळी यांत मोकळी हवा हवीच. कुठल्याही ताऱ्याशी तिचा संबंध नाही.

एसटीपीचं स्वतःचंही एक दुखणं होतं. ३५ घनमीटरच्या यंत्रणेला ए विंगचं जेमतेम ११ घनमीटर सांडपाणी मिळत होतं. तिच्यातले जिवाणू अन्नावर जगतात. एक तृतीयांश अन्नात ते टिकत नाहीत, मग गाळ वर तरंगतो आणि पाण्याला वास येतो. वीज वाचवायला ऑपरेटरने टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात केली होती, त्याने वास वाढला. अंशतः भोगवट्याच्या काळात हे सगळीकडे होतं. उपाय म्हणजे एसटीपी सुरुवातीलाच दोन समांतर भागांत बांधायचा आणि पहिली विंग भरेपर्यंत एकच भाग चालवायचा. इथे एकच मोठी टाकी होती.

तीन बारचा नळ आणि सातवा मजला

नळांच्या बाबतीत कंपनीचं प्रमाणपत्र सांगतं: मिनिटाला ३ लिटर, ३ बार दाबाला. मूल्यांकनात तुलनेचा नळ मिनिटाला ६ लिटरचा. म्हणजे ५० टक्के बचत, कागदावर.

३ बार म्हणजे पाण्याची साधारण ३० मीटर उंची. गच्चीवरच्या टाकीपासून सातव्या मजल्याच्या नळापर्यंत उंची मिळते साडेतीन मीटर, म्हणजे ०.३५ बार. साध्या एरेटरमधून (नळाच्या तोंडाला लावलेली, पाणी कमी सोडणारी जाळी) येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ०.३५ भागिले ३ याचं वर्गमूळ ०.३४. तीन लिटरचा नळ सातव्या मजल्यावर मिनिटाला एक लिटर देतो. पहिल्या मजल्यावर दाब २.१५ बार, तिथे अडीच लिटर.

मिनिटाला एक लिटर म्हणजे दहा लिटरची कळशी भरायला दहा मिनिटं. सातव्या मजल्यावरच्या चारही स्वयंपाकघरांत एरेटर काढलेले सापडले. एका घरात तो खिडकीच्या कठड्यावर, रबरी वायसरसकट नीट ठेवलेला होता. पाहणीची पद्धत साधी: मापाचं भांडं, मोबाइलचं स्टॉपवॉच, ३० सेकंद, नळ पूर्ण उघडा. वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावरची किमान एक-एक सदनिका घ्यायची. फक्त पहिल्या मजल्यावर मोजून आलेला आकडा सगळ्या इमारतीचा म्हणून लिहिणं हा नेहमीचा डाव.

दाब सांभाळणारे एरेटर मिळतात, पण त्यांनाही किमान दाब लागतो. वरच्या मजल्यावर ते काही उपयोगाचे नाहीत. बूस्टर पंप लावला तर विजेचं बिल आलं. शेवटी सहाव्या-सातव्या मजल्यांसाठी बचत शून्य धरून तक्ता पुन्हा केला. थोडे गुण गेले, पण आकडा खरा झाला.

शॉवरचा हिशोब तर वेगळाच विनोद आहे. १० लिटरच्या शॉवरऐवजी ६ लिटरचा लावला की तक्त्यात ४० टक्के बचत दिसते. नाशिकमधल्या बहुतेक घरांत आंघोळ बादलीने होते. बादली वीस लिटरचीच. नळ मंद असो की जोरात, ती भरेपर्यंत चालतो. नियमाप्रमाणे हे गुण मिळतात आणि मिळालेही, पण पाण्याच्या बिलात ते कुणी शोधायला जाऊ नये.

पाऊस कुठला धरला

गच्ची ९०० चौरस मीटर. अहवालात पाऊस १,००० मिलिमीटर, वाहून येणारा वाटा ०.८५, म्हणून वर्षाला ७६५ घनमीटर. जिल्ह्याच्या सरासरीच्या भरवशावर घेतलेला आकडा. त्या सरासरीत इगतपुरी आहे, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आहेत. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो आणि चाळीसेक किलोमीटर ईशान्येला नाशिक शहरात साधारण ७००. पाथर्डी फाट्यावरच्या गच्चीला इगतपुरीचा पाऊस काय कामाचा? ७०० धरला की ५३५ घनमीटर. इमारतीच्या वर्षाच्या सुमारे १०,४०० घनमीटर (रोजच्या २८,५६० लिटरच्या हिशोबाने) गरजेपुढे हे जेमतेम पाच टक्के.

पण खरा दोष खड्ड्यात होता. ३ × ३ × ३ मीटरचा पुनर्भरण खड्डा, दगड-खडी-वाळूने भरलेला. त्यात पोकळी ४० टक्के धरली तर पाणी मावतं १०.८ घनमीटर. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत गच्चीवरून येतात ३८ घनमीटर. सतरा मिनिटांत खड्डा तुडुंब. त्यानंतरचं पाणी जमिनीत मुरेल या आशेवर सगळं होतं आणि खड्ड्याचा तळ होता काळ्या मातीत. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. मुरण्याची चाचणी अगदी सोपी आहे: खड्डा पाण्याने भरा, तासागणिक पातळी किती उतरते ते लिहा, माती ओली झाल्यावर पुन्हा एकदा भरा. ती न करता काढलेला नकाशा म्हणजे शहरभर फिरणारी एकच प्रत.

भिंत, काच आणि छज्जा

उष्णतेची पडताळणी इको निवास संहितेने केली होती. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची २०१८ ची ही संहिता निवासी इमारतीच्या कवचातून आत येणारी उष्णता एका आकड्यात मोजते: चौरस मीटरला इतके वॉट. थंड प्रदेश सोडून सगळीकडे मर्यादा १५. आकडा तीन तुकड्यांचा असतो. भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी, आणि काचेतून थेट आत येणारं ऊन. संमिश्र आणि उष्ण-कोरड्या हवामानासाठी त्या तीन तुकड्यांचे गुणांक अनुक्रमे ६.०६, १.८५ आणि ६८.९९. शेवटचा आकडा नुसता पाहिला तरी कळतं की लढाई कुठे आहे. उबदार-दमट आणि समशीतोष्ण हवामानाचे गुणांक याहून सौम्य असतात. पडताळणी कडक बाजूने करणं केव्हाही बरं.

कवचाच्या दर १०० चौरस मीटरमागे ८० भिंत, २० काच. दिशांचे गुणक वेगळे असतात, पश्चिमेला १.१५६ तर उत्तरेला ०.६५९, इथे सोपं जावं म्हणून सरासरी १ धरू.

अहवालातला हिशोब: २०० मिलिमीटर एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत, तिचं उष्णतावहन (जितकं कमी तितकी उष्णता कमी झिरपते) ०.८. पहिला तुकडा ६.०६ × ०.८ × ०.८ = ३.८८. एकेरी काच, ५.८, दुसरा तुकडा १.८५ × ०.२ × ५.८ = २.१५. ऊन आत सोडण्याचं प्रमाण ०.५ असलेली रंगीत काच, वर ६०० मिलिमीटरचा छज्जा धरून ०.७५ चा गुणक. तिसरा तुकडा ६८.९९ × ०.२ × ०.३७५ = ५.१७. बेरीज ११.२. पंधराच्या पुष्कळ आत.

जागेवर तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

पहिली: सगळी भिंत ब्लॉकची नाही. खांब, तुळया आणि लिफ्टलगतच्या काँक्रीटच्या भिंती मिळून बंद भागाचा पाचवा हिस्सा काँक्रीट. त्याचं वहन ३.३. सरासरी ०.८ वरून १.३ वर गेली आणि पहिला तुकडा ३.८८ वरून ६.३० वर. नकाशात ‘भिंत: एएसी’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून ही चूक सर्रास होते. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातला पश्चिमेच्या खांबाला आतून हात लावला तर मोजायचीही गरज पडत नाही.

दुसरी: काच. खरेदीच्या वेळी रंगीत काचेऐवजी साधी ५ मिलिमीटरची आली, ०.८२ ची. चलनावर नुसतं ‘५ मिमी ग्लास’. मूल्यांकनात काचेचं चलन आणि कंपनीचं तांत्रिक पत्रक जोडीने लागतं; एकट्या चलनावरून ऊन आत येण्याचं प्रमाण कळत नाही.

तिसरी: छज्जा. दर्शनी बाजू बदलली तेव्हा पूर्व-पश्चिमेचे छज्जे काढून ३०० मिलिमीटरचा सपाट पट्टा आला. दुर्दैवाने काचेचा ६० टक्के भाग याच दोन बाजूंना आहे. सावलीचा गुणक पूर्व-पश्चिमेला ०.९५, उत्तर-दक्षिणेला ०.७०, सरासरी ०.८५. तिसरा तुकडा ६८.९९ × ०.२ × ०.६९७ = ९.६२.

नवी बेरीज १८.१.

छज्जा ६०० चा राहिला असता तरी पश्चिमेला पुरला नसता, हेही सांगायला हवं. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. मार्चच्या विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य ७० अंशांवर असतो; दक्षिणेच्या ६०० च्या छज्ज्याची सावली १.६५ मीटर खाली येते आणि १.२ मीटरची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर, सावली ६३ सेंटीमीटर, निम्म्या खिडकीतून ऊन आत. निफाडपासून शहरापर्यंत हुडहुडी भरते त्या दिवसांत ते हवंच असतं. पश्चिमेला मात्र एप्रिलच्या मध्यात, घड्याळात साडेचार वाजून गेल्यावर सूर्य बरोबर समोर आणि ३१ अंशांवर असतो. ६०० च्या छज्ज्याची सावली पडते जेमतेम ३६ सेंटीमीटर. उरलेले ८४ उघडे. पश्चिमेला आडवा छज्जा नव्हे, उभी पट्टी, जाळी किंवा बाहेरचा पडदा लागतो.

दुरुस्ती: ए विंगमध्ये लोक राहत असल्याने काच बदलणं शक्य नव्हतं. पूर्व-पश्चिमेच्या काचांवर फिल्म लावली. काच आणि फिल्म मिळून ०.४०. आता पूर्व-पश्चिम ०.३८, उत्तर-दक्षिण ०.५७, भारित सरासरी ०.४६ च्या किंचित खाली. तिसरा तुकडा ६.३१, बेरीज १४.८. काठावर पास. गडद फिल्म लावून आणखी खाली आणता आलं असतं, पण संहितेत काचेतून येणाऱ्या उजेडाचीही खालची मर्यादा आहे. ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर ०.२७. अंधाऱ्या खोलीत दिवसा दिवा लावून वाचवलेली उष्णता कुणाला हवी? बी विंगला सुरुवातीपासून योग्य काच आणि पश्चिमेला उभ्या ॲल्युमिनियम पट्ट्या घेतल्या.

खिडकीचा दुसरा हिशोब हवेचा. उघडणाऱ्या भागाचं चटई क्षेत्राशी प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानात किमान १० टक्के, संमिश्र हवामानात १२.५ लागतं. ६० चौरस मीटरच्या सदनिकेत बाल्कनीच्या दारासह ९ चौरस मीटर खिडक्या, म्हणून अहवालात १५ टक्के. पण पल्ले सरकते. सरकत्या दोन पल्ल्यांतला एक कायम दुसऱ्याच्या मागे असतो, उघडतं निम्मंच: ७.५ टक्के. बी विंगमध्ये कब्ज्याचे पल्ले घेतले, ते ९० टक्के धरले जातात, १३.५. संहिता प्रत्येक इमारत वेगळी मोजते, त्यामुळे ए विंग या निकषावर नापासच राहिली. चैत्रातली रात्रीची गार हवा घरात घेता येणं ही नाशिकची फुकटची चैन आहे; दुपार आणि पहाट यांत त्या दिवसांत वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. ती चैन अर्ध्या खिडकीने अडवली.

गच्ची

छताच्या उष्णतावहनाची संहितेतली मर्यादा १.२. विटांचा कोबा आणि वर चायना मोझेक म्हणजे उष्णतारोधन, हा गैरसमज जुना आहे. १५० मिलिमीटर स्लॅब आणि १०० मिलिमीटर कोबा मिळून आकडा अडीचच्या आसपास येतो. ४० मिलिमीटर एक्सपीएस या उष्णतारोधक फोमचा थर घातला की ०.६ च्या खाली. इथे तो होता; फोटो आणि चलन दोन्ही होतं. हा निकष पाच मिनिटांत आटोपला.

सौर पॅनेल २० किलोवॉटचे. किलोवॉटला दिवसाला ४ युनिट हा नेहमीचा ठोकताळा, वर्षाला २९,२०० युनिट. पण पाच मीटर उंचीच्या जिन्याच्या खोलीला लागून, तिच्या उत्तरेलाच दोन रांगा होत्या. डिसेंबरात मध्यान्हीची सावली ४.७ मीटर, सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य २८ अंशांवर असताना ती नऊ मीटरच्या पुढे वायव्येकडे पसरते. साखळीतलं एक पॅनेल सावलीत गेलं की पूर्ण साखळीचं उत्पादन पडतं. दक्षिणेची मोकळी जागा आधीच सौर बंबांनी घेतलेली. दोन रांगा बी विंगच्या गच्चीवर हलवल्या.

कागद

साहित्याचे गुण सगळे टिकले. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ असल्याने नाशिकमध्ये फ्लाय ॲश (जळालेल्या कोळशाची राख) दुरून आणावी लागत नाही. ब्लॉक आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटमधून ती आली होती. प्रत्येक खेपेची वजनपावती लागली तेव्हा थोडी धावपळ झाली. वरच्या सुपीक मातीचा ढीग जपल्याचे फोटो मात्र बाद झाले. तीन महिन्यांचे म्हणून दिलेले फोटो एकाच दुपारचे होते. सावल्यांनीच चहाडी केली. मोजणीच्या विभागातला एक गुण गेला तो एसटीपीच्या मीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र नव्हतं म्हणून.

७१ च्या पलीकडे

गेलेले सात गुण असे होते: पाण्यात तीन, ऊर्जा आणि सुखसोयीत मिळून तीन, मोजणीत एक. पाण्याचा तक्ता एकाच आधारावर पुन्हा केल्यावर पुनर्वापराचा जुना दावा परत मिळणार नव्हताच. फ्लशची टाकी दुरुस्त करून एक गुण परत आला. काच-छज्जा आणि सौर पॅनेलच्या बदलांनी दोन आले, मीटरच्या प्रमाणपत्राने एक. ६८ + ४ = ७२. चार तारे, एका गुणाच्या जागेने.

पुनर्भरणाचा खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खोल केला आणि आधी गाळ बसायला ३० घनमीटरची टाकी बांधली. ती सरीचा पहिला पाऊण तास धरते. याला गुण मिळाले नाहीत, कारण खड्डा कागदावर आधीपासूनच ‘होता’.

फ्लशच्या टाकीचं काम सगळ्यात कमी वेळात झालं. बॉल कॉकचा दांडा लांब करून तो काठापासून ८५ सेंटीमीटर खाली बंद होईल असा बसवला. नळाचं तोंड मात्र भरून वाहण्याच्या पातळीच्या वर घेतलं. एसटीपीचा सेन्सर ५० वरच ठेवला. टाकीच्या आत दोन्ही पातळ्यांवर लाल ऑइल पेंटने रेघा मारल्या, कारण पुढचा प्लंबर बॉल कॉक पुन्हा वर चढवणारच. रात्रीचा ब्लोअर सुरू झाला, वास आठवड्याभरात उतरला. सातव्या मजल्यावरून दोन तक्रारी आल्या, फ्लशचं पाणी पिवळसर दिसतं म्हणून. कार्बनचा फिल्टर उलट दिशेने पाणी सोडून धुतल्यावर त्या थांबल्या. पुढच्या ३० दिवसांत एसटीपीचं मीटर ६४ घनमीटर पुढे सरकलं.